वर्षातून दहाच दिवस लागणारं इंजिन

मिक्सर, पंखा, स्कूटर ही यंत्रं रोज हाताखाली असतात. त्यांचा आवाज जरा बदलला, तरी घरातल्या लहान मुलालाही कळतं. काही यंत्रं मात्र वर्षातून दहा-बारा दिवसच लागतात. उरलेले महिने ती कोपऱ्यात पडून असतात आणि गरज पडते तेव्हा दुसरा इलाज नसतो. आज अशाच एका यंत्राबद्दल बोलू या : शेतात साचलेलं पाणी उपसणारा छोटा, पेट्रोलवर चालणारा पाणीपंप.

हा पंप का लागतो, ते कावेरीच्या खोऱ्यात गेलं की समजतं. तंजावर आणि कुंभकोणम यांच्या मधोमध पापनाशम आहे. आजूबाजूला सगळी भातशेती. मेट्टूर धरणाचं पाणी रिवाजाप्रमाणे १२ जूनला सोडतात आणि २८ जानेवारीला बंद करतात. इथला मोठा पाऊस आपल्यासारखा आषाढ-श्रावणात येत नाही, तो येतो ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. नेमकं तेव्हाच सांबा हंगामाचं भात शेतात उभं असतं. जमीन सपाट, पाटचाऱ्या तुडुंब, पाणी निघायला वाट नाही. कोवळं रोप चार-पाच दिवस पाण्याखाली राहिलं, तर ते कुजायला लागतं.

विजेची मोटर असली तरी तिच्यावर विसंबून राहता येत नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘गज’ चक्रीवादळ आलं, तेव्हा तंजावर, तिरुवारूर, नागपट्टिणम भागात विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावं अनेक दिवस अंधारात राहिली. अशा वेळी पेट्रोलचा पंप पहिल्या एक-दोन झटक्यांत सुरू झाला पाहिजे. तो होत नाही, याचं कारण बहुतेक वेळा मोठा बिघाड नसतो. पंप मागच्या हंगामानंतर जसाच्या तसा ठेवून दिलेला असतो, एवढंच.

पडून राहिल्यावर काय होतं?

पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट राळेसारखा थर राहतो. कार्ब्युरेटरमधल्या जेटचं भोक केसाएवढं बारीक असतं. ते बुजायला एवढा थर पुरतो. त्यात आता आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. मग पाणी तळाशी बसतं आणि टाकी, बाउल, जेट गंजू लागतात. म्हणून महिन्याहून जास्त जुनं पेट्रोल इंजिनात ठेवू नये.

पंप झोपवताना

पाऊस सरला, पोंगल झाला, की पंपाला एक तास द्या. काम उघड्यावर करा. जवळ बिडी, चूल, दिवा नको.

आधी पंपातून दहा मिनिटं स्वच्छ पाणी फिरवा, म्हणजे आतला गाळ निघेल. इंजिन कोमट असतानाच तेल बदला, कारण कोमट तेलाबरोबर घाणही बाहेर येते. कोणतं तेल आणि किती, हे यंत्राच्या पुस्तिकेत पाहा. अंदाजाने भरू नका.

इंजिन पूर्ण थंड झालं की टाकीतलं पेट्रोल काढा. फोर-स्ट्रोक इंजिनाचं पेट्रोल ताजं आणि स्वच्छ असेल, तर गाळून मोटारसायकलमध्ये घालता येतं. मग इंजिन पुन्हा सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. पंपात पाणी भरलेलं असू द्या, कारण कोरडा पंप चालवला तर आतलं सील लगेच जळतं. शेवटी कार्ब्युरेटरच्या बाउलखालचा स्क्रू सैल करून राहिलेले थेंब काढा.

स्पार्क प्लग काढून भोकात चमचाभर इंजिन तेल घाला. दोरी दोनदा सावकाश ओढा आणि प्लग परत बसवा. नंतर दोरी हळूच ओढून जिथे ती जड लागते तिथे थांबा. त्या जागी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, त्यामुळे ओलावा आत शिरत नाही.

एअर फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवा. त्याला थोडं तेल लावून पिळून बसवा. पंपाखालचा बूच उघडून पाणी काढून टाका. पंप जमिनीवर नको, फळीवर ठेवा. वर सुती कापड टाका. प्लास्टिक घट्ट गुंडाळलं तर आत घाम धरतो.

पापनाशमजवळ तिरुप्पालैतुरैच्या देवळात नायक काळातलं विटांचं प्रचंड धान्यकोठार आजही उभं आहे. पिकवणं जितकं महत्त्वाचं, तितकंच नीट साठवणं, हे या भागाला नव्याने सांगायला नको. तीच काळजी यंत्रालाही लागू आहे.

जागं कधी करायचं?

त्यासाठी वेगळी तारीख लक्षात ठेवायला नको. खंडेनवमी आहेच. तंजावर भागातल्या मराठी घरांची खंडेनवमी आणि शेजारच्या तमिळ घरांची आयुधपूजा एकाच दिवशी येते. यंत्रांना गंध-फूल वाहायचा तो दिवस, आणि मोठा पाऊसही त्याच सुमारास सुरू होतो. पूजेआधी पंप बाहेर काढा, ताजं पेट्रोल घाला आणि पंपात पाणी भरून दहा मिनिटं चालवा. सक्शन पाईपला भेग नाही ना, टोकाची जाळी धड आहे ना, तेही पाहा. पाईपला बारीक चीर असली तरी पंप हवा ओढतो आणि पाणी चढत नाही. कापूर-उदबत्ती मात्र इंजिन थंड झाल्यावर, टाकीचं झाकण लावून आणि जरा लांबच.

तरीही सुरू होत नसेल तर

घाईने दोरी ओढत बसू नका. पेट्रोल, ठिणगी आणि हवा या तीन गोष्टी क्रमाने तपासा.

कॉक उघडा आहे का? चोक लावला आहे का? पेट्रोल ताजं आहे का? हे सगळं ठीक असेल तर पाच-सहा वेळा दोरी ओढून प्लग काढा. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही, म्हणजे दोष कार्ब्युरेटरकडे. प्लग ओला असेल तर एक तर पेट्रोल जास्त झालंय किंवा ठिणगी पडत नाही. तो पुसून, वाळवून लावा, चोक काढा आणि पुन्हा ओढून पाहा. तरी जमलं नाही तर नवा प्लग लावा.

चोक लावला तरच चालतं आणि काढला की बंद पडतं, असं होत असेल तर जेट अर्धवट बुजला आहे. बाउल उतरवून जेट कार्ब्युरेटर क्लीनरने धुवा. भोक मोकळं करायला तांब्याच्या तारेची एक बारीक काडी पुरे. सुई घालू नका. भोक मोठं झालं की इंजिन विनाकारण जास्त पेट्रोल पितं.

दोरी अगदी हलकी लागते, तेल दुधासारखं पांढरं दिसतं किंवा आतून ठोकल्याचा आवाज येतो, तेव्हा हात आवरा आणि मेकॅनिकला बोलवा. आणि पंप कधीही बंद खोलीत चालवू नका. त्याच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो.

परदेशातल्या लेकी-सुनांसाठी

हेच इंजिन टोरांटो किंवा शिकागोच्या गॅरेजमध्येही सापडतं, फक्त तिथे ते पाण्याऐवजी बर्फ फेकतं. लहान, सिंगल-स्टेज स्नो ब्लोअर म्हणजे असंच छोटं इंजिन, एक पट्टा आणि रबरी पाती लावलेला फिरता दांडा. तोही वर्षातले सात-आठ महिने पडून असतो आणि पहिल्या मोठ्या बर्फाच्या सकाळी रुसतो. कारणही तेच : जुनं पेट्रोल.

त्यामुळे वेळापत्रक सोपं आहे. बर्फ संपलं की गुढीपाडव्याच्या आसपास झोपवा, दसऱ्याला जागं करा. वर सांगितलेल्या इंजिनाच्या कामांत आणखी तीन गोष्टी पाहा : रबरी पाती झिजली आहेत का, खालची खरवडपट्टी जमिनीला नीट टेकते का आणि पट्ट्याला चिरा पडल्या आहेत का. पाती झिजली की इंजिन जोरात चालतं, पण बर्फ लांब पडत नाही. मग लोक उगाच इंजिनाला दोष देतात.

एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. तोंडात बर्फ अडकलं तर इंजिन बंद करायचं, पाती थांबू द्यायची, प्लगची टोपी काढायची आणि मग काठीने बर्फ काढायचं. हात घालायचा नाही. इंजिन बंद असलं तरी अडकलेल्या पात्यात ताण उरलेला असतो, बर्फ सुटताच ते झटक्यात फिरू शकतं.

वर्षातून दोनदा, एकेक तास. पापनाशममध्ये त्या तासावर सांबाचं उभं पीक अवलंबून असतं आणि टोरांटोत सकाळी घराबाहेर पडणं. पुढच्या खंडेनवमीला घरातल्या मुलांना बरोबर घ्या. फूल तुम्ही वाहा आणि दोरी त्यांना ओढू द्या.