गवत कुठंय?

मागच्या रविवारी गच्चीवर जुनी चादर अंथरून गवत वाळत घालत होतो. खालच्या मजल्यावरचे काका पाण्याची टाकी बघायला वर आले. "बकरा आणलाय का? ईदला तर वेळ आहे अजून." सशांसाठी आहे म्हटल्यावर हसले आणि पुढचा प्रश्न विचारलाच, "मग ते कधी कापणार?"

काका मनाने वाईट नाहीत. आमच्या दारात जनावर दिसलं की लोकांना आधी सुरी आठवते, याची आता सवय झालीय. सुन्नींमध्ये ससा हलाल आहे, शिया मित्र खात नाहीत, हे सगळं त्यांना सांगत बसलो नाही. माझे दोन्ही ससे म्हातारे होऊन मरावेत एवढीच माझी इच्छा आहे, कारण पहिला ससा माझ्या हलगर्जीपणाने मेला.

लेकीच्या हट्टापायी तो आणला होता. दुकानदाराने पिंजऱ्यासोबत गोळीखाद्याची पिशवी दिली आणि गाजर, कोबी घाला म्हणून सांगितलं. पावसाळ्यात आणि दिवाळीपर्यंत आवारातलं गवत तो कुरतडत होता, त्यामुळे आमची चूक झाकून गेली. मार्चपासून आवार भाजून निघालं. मग कलिंगडाची सालं, कोबीची पानं, उरलेली चपाती. मे महिन्यात एका रात्री त्याने खाणं सोडलं. लेंड्याही दिसेनात. उन्हाने मरगळला असेल म्हणून आम्ही ओला रुमाल गुंडाळला आणि दुसऱ्या संध्याकाळी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तोंड उघडून दाढा पाहिल्या, पोट चाचपलं आणि एवढंच विचारलं, "गवत कुठंय?"

त्या रात्रीच तो गेला. लेकीने महिनाभर पिंजरा धुवू दिला नाही.

नंतर जे वाचलं, विचारलं, त्यातून कळलं ते असं. सशाचे दात आणि दाढा जन्मभर वाढत राहतात. त्या झिजवायला तंतूंचा, चरबरीत चारा लागतो. आतडं चालतं ठेवायलाही तोच लागतो. सशाला उलटी होत नाही, त्यामुळे पोटात गेलेलं पुढेच सरकायला हवं. बारा तास ससा काही खात नसेल तर त्याला सकाळपर्यंत ठेवू नये, लगेच डॉक्टरकडे न्यावं. आहारातला मोठा हिस्सा गवताचाच हवा, गाजर म्हणजे त्याची मिठाई. हे दुकानात कोणी सांगत नाही, कारण दुकानात गवत नसतं. असतं ते परदेशातून आलेलं, चकचकीत पिशवीतलं. त्याचा भाव बघून माणूस पुन्हा कोबीकडे वळतो.

पाळीव ससा मुळात स्पेन-पोर्तुगालकडचा, म्हणजे आपल्या इतिहासाच्या पुस्तकातल्या अंदलुसचा. तिकडे, युरोपात, ससे पाळणारे उन्हाळ्यात पाला-गवत वाळवून हिवाळ्यासाठी ठेवतात. आपल्याकडे टंचाईचा ऋतू वेगळा. आपलं गवत फेब्रुवारीत संपतं आणि जूनचा पाऊस स्थिरावेपर्यंत परत येत नाही. म्हणजे साठवण करायची ती पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबरच्या उन्हात.

हे मला नवीन वाटलं याची लाज वाटते. माझी दादी माणदेशातली. चार शेळ्या आणि कायम डोक्यावर एखादा भारा. गवत निसवायच्या आत कापायचं, दव उडाल्यावर कापायचं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. 2012-13 च्या दुष्काळात त्या भागात चारा छावण्या लागल्या तेव्हा ती नव्हती. असती तर काय म्हणाली असती कोण जाणे. दोन पिढ्यांत आम्ही शहरात आलो, शिकलो, आणि जनावराला चारा लागतो एवढंही विसरलो.

आता दर ऑक्टोबरला ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या बांधावर जातो. पहिला प्रश्न, तणनाशक मारलंय का? मारलं असेल तर परत फिरायचं. रस्त्याकडेचं, कुत्री फिरतात तिथलंही घेत नाही. हरळी आणि मारवेल भरपूर मिळतं. कुसळी घ्यायची तर कोवळी असतानाच, एकदा कुसळं धरली की ती तोंडात आणि डोळ्यांत रुततात. बांधावर तुती आहे, तिच्या फांद्या जुडी करून गॅलरीत उलट्या टांगतो. दुपट्टे कुठे वाळत घालायचे, ही बायकोची तक्रार रास्त आहे.

एक गोष्ट दादीकडूनही शिकता आली नसती. शेळीला चालतं ते सशाला चालेलच असं नाही. सुबाभूळ शेळ्या आवडीने खातात, सशाचे मात्र त्याने केस गळतात. घाणेरी, कण्हेर, रुई, धोतरा, गाजरगवत यांचं तर पानही भाऱ्यात येता कामा नये. वाळवल्याने विष जाईलच असं नाही. जे ओळखता येत नाही ते कापू नये.

गवत पातळ पसरायचं, दिवसातून दोनदा हलवायचं. पहिला दिवस ऊन, पुढे सावली आणि वारा, म्हणजे हिरवेपणा टिकतो. काडी वाकवल्यावर कट्‌कन मोडली की गोणपाटात भरायचं, प्लास्टिकमध्ये नाही. आठवडाभराने आत हात घालून बघायचं. गरम लागलं किंवा कुबट वास आला तर सरळ फेकून द्यायचं, बुरशी सशाला मारते. चार-पाच किलो ओल्या गवताचं जेमतेम किलोभर वाळलेलं होतं. दोन सशांना टंचाईच्या साडेचार महिन्यांत पंचवीसेक किलो लागतं. म्हणजे स्कूटरच्या आठ-दहा फेऱ्या. फेऱ्या कमी पडल्या तर उरलेलं गोठेवाल्याकडून विकत घेतो, वास घेऊन.

याच दिवसांत आमच्या सोसायटीत माणसं लावून मोकळ्या जागेतलं गवत कापतात, ढीग करतात आणि काडी लावतात. सभेत मी म्हटलं, जाळू नका, कोणीतरी शेळीवाली नेईल. उत्तर आलं, बाहेरची माणसं आत नकोत. अबू दाऊदच्या संग्रहात एक हदीस आहे, पाणी, चारा आणि आग या तीन गोष्टींत सगळ्यांचा वाटा असतो असं सांगणारी. आम्ही त्यातल्या एका वाट्याला दुसरा वाटा लावून टाकतो.

दुसरी हदीस जास्त लोकांना माहीत आहे, मांजर कोंडून ठेवलेल्या बाईची. तिने मांजराला खायलाही दिलं नाही आणि जमिनीवरचे किडेमकोडे शोधून खायला मोकळंही सोडलं नाही. लहानपणी मदरशात ऐकताना वाटायचं, किती दुष्ट बाई! आता वाटतं, ती दुष्ट असेलच असं नाही. कदाचित तीही मांजराला रोज चपाती घालत असेल आणि हे प्रेमच आहे असं समजत असेल. कोंडलेल्या जनावराने जे स्वतः शोधून खाल्लं असतं, ते शोधून आणायचं काम कोंडणाऱ्यावर येतं. म्हणून वाढदिवसाला ससा भेट देणाऱ्यांना माझं सांगणं आहे की आधी मे महिन्यातलं गवत कुठून आणणार ते ठरवा, मग पिंजरा घ्या. ठरत नसेल तर मुलाला रडू द्या. आणि रानातला ससा पकडून आणायचा विचार तर करूच नका. तो वेगळा प्राणी आहे, आणि 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे.

काकांना मी त्या दिवशी एवढंच म्हटलं की वाळलं की खाली येऊन वास घेऊन बघा. आले. मूठभर नाकाशी धरून बराच वेळ उभे राहिले. त्यांच्या गावी गंजी असायची म्हणे. पुढच्या रविवारी येऊ का, विळा आहे माझ्याकडे, असं विचारून गेलेत.