विश्लेषण : काम नसतानाही प्रोसेसरचे व्होल्टेज १.४५? काळजी नेमकी कधी करायची?

असेंबल्ड पीसी सुरू झाला, विंडोज टाकून झाले, की अनेक जण आधी एचडब्ल्यूइन्फोसारखे सॉफ्टवेअर उघडतात. एकही प्रोग्राम चालू नाही, तरी प्रोसेसरचे व्होल्टेज १.४५ दिसते. मग व्हिडिओ रेंडरला लावला, की आकडा वाढण्याऐवजी १.२५ च्या आसपास उतरतो. हिशेब उलटा वाटतो. त्यात २०२४ मध्ये इंटेलचे प्रकरण गाजल्यापासून असा आकडा दिसला की धडकीच भरते.

आकडा उलटा का चालतो?

प्रोसेसर एका सेकंदात शेकडो वेळा व्होल्टेज बदलू शकतो. ब्राउजर उघडताना एक-दोन कोअर क्षणभर कमाल वेगाने धावतात. जास्त वेगाला जास्त व्होल्टेज लागते. पण बाकीचे कोअर झोपलेले असल्याने करंट कमी आणि उष्णताही बेताची. सगळे कोअर एकदम कामाला लागले, की करंट वाढतो. मग मर्यादेत राहण्यासाठी प्रोसेसर वेग आणि व्होल्टेज दोन्ही उतरवतो. मदरबोर्डही करंट वाढेल तसे व्होल्टेज थोडे खाली येऊ देतो. ही मुद्दाम केलेली रचना आहे, बिघाड नव्हे.

२०१९ मध्ये रायझन ३००० आल्यावर हीच तक्रार झाली होती. आकडे वाचणारे सॉफ्टवेअरच झोपलेल्या कोअरना सतत उठवते, असे तेव्हा एएमडीने स्पष्ट केले. ताप उतरला का हे पाहायला रुग्णाला दर मिनिटाला जागे करावे, तसाच हा प्रकार.

मग इंटेलचे काय चुकले?

१३व्या आणि १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरमधील मायक्रोकोड गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. त्याने कोअरमधील क्लॉकचे सर्किट झिजत गेले आणि स्थिर चालण्यासाठी लागणारे किमान व्होल्टेजच वाढले. गेम मध्येच बंद पडत, 'व्हिडिओ मेमरी अपुरी' असा संदेश येई आणि लोक ग्राफिक्स कार्डला दोष देत. ऑगस्ट २०२४ मधील ०एक्स१२९ अपडेटने १.५५ व्होल्टच्या वरच्या मागणीला चाप लावला. सप्टेंबरमधील ०एक्स१२बी अपडेटने निवांत आणि हलक्या कामाच्या वेळची जादा मागणी रोखली. म्हणजे जिथे उसळी एरवी सामान्य मानली जाते, तिथेच खोटही दडली होती. त्यामुळे नुसत्या आकड्यावरून निदान होत नाही.

काय तपासायचे?

आकडा वर-खाली होत असेल तर बहुधा सारे ठीक आहे. सर्व कोअर भर कामात असताना तो १.४ वर खिळून राहिला, तर बायोसमधील सेटिंग पाहावे. या दोन पिढ्यांचा प्रोसेसर असेल, तर मायक्रोकोड ०एक्स१२बी किंवा त्यानंतरचा आहे ना, हे आधी बघावे. अपडेटने पुढची झीज टळते. झिजलेला प्रोसेसर मात्र पूर्ववत होत नाही, तो बदलूनच घ्यावा लागतो.

यासाठी इंटेलने बाधित मॉडेलच्या बॉक्स पॅक प्रोसेसरची वॉरंटी तीनवरून पाच वर्षे केली. २०२२ च्या अखेरीस घेतलेल्यांची मुदत २०२७ च्या अखेरीस संपेल. स्वस्त पडतो म्हणून खोक्याविना 'ट्रे' प्रोसेसर घेतला असेल, तर दाद विक्रेत्याकडेच मागावी लागते. तेव्हा दुकानाचे बिल आजच शोधून ठेवलेले बरे.