ऊन काचेच्या बाहेरच अडवा

युरोपात उष्णतेची लाट आली की आपल्याकडून शेरा ठरलेला. "चाळीस अंशाला एवढं काय? नागपूरला या म्हणावं!" जर्मनीत तीन उन्हाळे काढल्यावर मला या विनोदाचं हसू येत नाही.

२५ जुलै २०१९ ला पॅरिसमध्ये ४२.६ अंश होतं. इंग्लंडने २०२२ च्या जुलैत पहिल्यांदाच चाळिशी ओलांडली. पण प्रश्न आकड्याचा नाहीच, घराचा आहे. इकडची घरं थंडी डोक्यात ठेवून बांधलेली. ऊन आत यावं म्हणून मोठाल्या काचा, आलेली ऊब बाहेर पडू नये म्हणून जाड इन्सुलेशन, आणि छताला पंखा? छे! जूनमध्ये हेच सगळं अंगावर येतं.

इटली-स्पेनमधल्या आज्यांचा उपाय साधा आहे. सकाळी ऊन चढायच्या आत खिडकीच्या बाहेरच्या झडपा बंद, रात्री हवा गार झाली की समोरासमोरच्या खिडक्या सताड उघड्या. आतून पडदा ओढला तर तेवढा फायदा नाही, कारण ऊन काचेतून आत आलेलंच असतं. पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. म्हणजे चोराला हॉलमध्ये बसवून मग चौकशी! विदर्भात वाळ्याचे ताटे बाहेरून लावायचे ते काय उगाच? जर्मनीत बऱ्याच घरांना बाहेरून गुंडाळी झडपा (रोलाडेन) असतात. इंग्लंडमध्ये बहुतेक ठिकाणी काहीच नाही.

पण झडपांनी सगळं भागत नाही. पॅरिसच्या पोटमाळ्यावरच्या खोल्या घ्या. वर जस्ताचा पत्रा, भिंतीत एकच झरोका. समोरासमोर खिडक्या आणणार कुठून? २००३ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये सुमारे १५,००० माणसं गेली. बहुतेक वयस्कर, कित्येक एकटी राहणारी. तेव्हा रात्रीही हवा गार होत नव्हती, मग खिडकी उघडून तरी काय होणार?

अशा खोलीत कोणी एसी मागितला की पर्यावरणाच्या नावाने नाकं मुरडणाऱ्यांचा मला राग येतो. एसी आतली उष्णता रस्त्यावर फेकतो, वीज खातो, सगळं मान्य. म्हणून तर धडधाकट माणसाने आधी झडपा लावाव्यात. पण ऐंशीच्या आजीबाईंनी भिंतीवर यंत्र लावायला इमारतीच्या मालकांच्या सभेची वाट का बघायची? त्यांना एसी आधी द्या, चर्चा नंतर करा. आणि नव्या किंवा डागडुजीला काढलेल्या प्रत्येक घराला बाहेरच्या झडपा सक्तीच्या करा. इमारतीचं दर्शनी रूप बिघडेल म्हणता? बिघडू दे की थोडं.