डेलोसचा धक्का आणि आमचा दादा

आमच्या खात्यातून चार वर्षांपूर्वी निवृत्त झालेले एक साहेब गेल्या महिन्यात ऑफिसात आले होते. पेन्शनचे काही काम होते. ते होईपर्यंत माझ्या टेबलासमोर बसले आणि पिशवीतून एक गुळगुळीत कागदाचे पुस्तक काढून माझ्यापुढे ठेवले. भूमध्य समुद्रातली सफर. छोटी बोट, शंभरेक प्रवासी, सोबत इतिहासाचे दोन प्राध्यापक. अथेन्सच्या पिरेयस बंदरातून निघायचे, कोरिंथचा कालवा, डेलोस बेट, मग पलीकडे तुर्कस्तानात बोद्रुम आणि एफेसस. रोज संध्याकाळी बोटीवर व्याख्यान. साहेब आणि बाई सप्टेंबरात जाणार आहेत. किंमत मी पाहिली आणि पुस्तक हळूच मिटले. आमच्या रजा प्रवास सवलतीत ते बसणारे नव्हे!

पण दुपारभर डोक्यातून ते जाईना. बी.ए.ला माझा इतिहास होता. ग्रीस आणि रोम आम्ही शिकलो ते राजे आणि लढाया यांच्या सनावळ्या म्हणून. फळ्यावर नकाशा टांगलेला असायचा, त्यात जमीन पिवळी आणि समुद्र निळा. आमचे सगळे लक्ष पिवळ्या भागावर. निळा भाग म्हणजे नुसती रिकामी जागा. हे उलटे आहे हे मला फार उशिरा कळले. ती माणसे निळ्या भागात राहायची. त्यांची गावे समुद्राकडे तोंड करून बसलेली होती, आणि डोंगराकडे पाठ. आपण मात्र विमानाने उतरून, बसने मागच्या दाराने त्या गावात शिरतो आणि म्हणतो, पाहिले.

म्हणून माझे पहिले मत असे की पैसे असतील त्याने हा इतिहास बोटीतूनच पाहावा, आणि बोट छोटीच असावी. तीन-चार हजार माणसांच्या तरंगत्या इमारतीतून तो दिसत नाही. कोरिंथचा कालवाच घ्या. लांबी सहा किलोमीटरहून थोडी जास्त, तळाशी रुंदी जेमतेम 21 मीटर, दोन्ही बाजूंना खडकाच्या उभ्या भिंती. मोठ्या बोटी त्यात मावतच नाहीत. 1893 साली तो खुला झाला, पण खणायला सुरुवात केली होती नेरो बादशहाने, इसवी सन 67 मध्ये. त्यासाठी 6000 ज्यू कैदी पाठवले होते असे जोसिफसने लिहून ठेवले आहे. नेरो पुढल्याच वर्षी मेला आणि काम पडून राहिले. (सरकारी काम अर्धवट राहण्याची परंपरा किती जुनी आहे पाहा.) त्याच्याही आधी काही शतके तिथे दगडी वाट होती आणि तिच्यावरून बोटी ओढून या समुद्रातून त्या समुद्रात नेत.

मोठ्या बोटींचा जाच तिथल्या लोकांनाही झाला आहे. व्हेनिसने 2021 च्या ऑगस्टपासून 25 हजार टनांवरच्या बोटींना शहरासमोरच्या कालव्यातून जायला बंदी केली. सांतोरिनीसारख्या बेटावर दिवसाला आठ हजारच बोटप्रवासी उतरावेत असा नियम करावा लागला. आठ हजार! आमच्या गावच्या जत्रेला एवढी माणसे येतात तेव्हा देवळाच्या पायऱ्या दिसेनाशा होतात.

या सफरींचा प्रकार तसा जुना. 1950 च्या दशकात इंग्लंडमधल्या स्वान कुटुंबाने विद्वानांना बरोबर घेऊन अशा ग्रीक सफरी सुरू केल्या, आणि त्यात व्याख्याने देणाऱ्यांपैकी एक होते मॉर्टिमर व्हीलर. तेच व्हीलर, जे 1944 ते 48 आपल्या पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होते आणि ज्यांनी पुद्दुचेरीजवळच्या अरिकमेडूत 1945 साली खणून रोमन भांड्यांची खापरे काढली. म्हणजे ज्या माणसाने बंगालच्या उपसागराच्या काठावर इटलीची खापरे हातात धरली तोच पुढे इटली-ग्रीसच्या किनाऱ्यावर पर्यटकांना उभे करून बोलत होता. त्याला तो सगळा समुद्र एकच दिसत असणार.

एफेससविषयी दोन शब्द लिहायलाच हवेत, कारण ते वाचताना मला आपलीच आठवण झाली. तिथल्या थिएटरपासून एक फरसबंद राजरस्ता सरळ निघतो, दोन्ही बाजूंना खांब, एके काळी रात्री दिवे लागत असत. तो रस्ता बंदराकडे जातो. आज त्याच्या टोकाला बंदर नाही. झुडपे आणि पाणथळ. नदीने गाळ आणून आणून बंदर भरून टाकले आणि समुद्र पाच-सहा किलोमीटर मागे गेला. पर्यटक सेल्ससच्या ग्रंथालयापुढे उभे राहून फोटो काढतात, ते बरोबरच आहे, देखणे आहे ते. पण त्या गावाची खरी गोष्ट त्या रस्त्याच्या रिकाम्या टोकाला आहे.

आणि आपले गोपकपट्टण? अकराव्या शतकात कदंबांनी चांदरहून राजधानी तिथे आणली ती समुद्रासाठीच. पुढे हल्ले झाले हे खरे, पण जुवारीच्या गाळानेही ते बंदर बुडवले आणि व्यापार मांडवीकाठच्या एळ्याला गेला. आज गोवा वेल्ह्यातून हमरस्त्याने जाताना आपण किती जण मान वळवतो? नदीकाठी जुन्या धक्क्याचे अवशेष आहेत. मुरगावला उतरणाऱ्या प्रवाशांना जुन्या गोव्यातल्या इगर्जी आणि मसाल्याची बाग दाखवून संध्याकाळी परत पोचवतात. गोपकपट्टणला नदीतून एखाद्या लहान होडीने जावे आणि कोणीतरी नीट सांगावे, एवढी साधी गोष्ट आपल्याला सुचत नाही. त्याला काही लाख लागत नाहीत.

असो. मला आज खरे तर आमच्या दादाविषयी लिहायचे आहे.

दादा म्हणजे माझा आतेभाऊ. तारवटी. गोव्यात हा शब्द समजावून सांगायला नको. ज्याच्या घरात नाही त्याच्या शेजारी तरी एक असतो. दादा बारा मोसम अशाच एका छोट्या बोटीवर डायनिंग हॉलमध्ये स्टुअर्ड होता. एप्रिलात जायचा, नोव्हेंबरात यायचा. 2020 साली महामारीत अडकला, किनारा दिसत असूनही कोणी उतरवून घेईना, तेव्हा आमच्या आतेने देव पाण्यात घातले होते. त्यानंतर तो परत गेला नाही. आता घरीच असतो, गुडघे दुखतात.

ते पुस्तक पाहिल्यावर मी रविवारी त्याच्याकडे गेलो. म्हटले, हा माणूस डेलोसला किमान शंभर वेळा गेलेला. तेवढे एखादा प्राध्यापकही जात नसेल. विचारले, कसे आहे रे ते बेट?

तो हसला. म्हणाला, "आमकां देंवपाक खंय मेळटा रे?"

बोट नांगर टाकायची, प्रवासी लहान होडीतून (पणजी-बेतीला पूर्वी गॅसोलिन होती, तशी म्हणाला) बेटावर जायचे, आणि दादा तोवर दुपारच्या जेवणाची टेबले लावायचा. खिडकीतून दिसायचे ते पांढरे दगड आणि मागची टेकडी. बारा मोसमांत एकदाच तो उतरला, प्रवाशांसाठी पाण्याच्या बाटल्यांची खोकी न्यायला कोणी नव्हते म्हणून.

आता डेलोस काय आहे ते ऐका. साडेतीन चौरस किलोमीटरदेखील नसलेले खडकाळ बेट. अपोलोचा जन्म तिथला मानतात. एका काळी तिथे कोणी जन्मायचे नाही की मरायचे नाही असा अथेन्सचा हुकूम होता. गरोदर बायका आणि आजारी माणसे शेजारच्या बेटावर नेत. मग इसवी सन पूर्व 166 मध्ये रोमने ते करमुक्त बंदर करून टाकले आणि देवाच्या बेटाचा बाजार झाला. स्ट्रॅबो लिहितो की तिथे एका दिवसात दहा-दहा हजार गुलाम उतरवून विकून पुढे पाठवता येत. आकडा फुगवलेला असेल, पण धंदा खरा होता. पुढे इसवी सन पूर्व 88 आणि 69 मध्ये दोनदा लूट झाली आणि ते ओस पडत गेले. आजही तिथे पर्यटकाला रात्री राहता येत नाही.

आणि गंमत अशी, गंमत म्हणू नये, पण जुन्या धक्क्यावर उतरताच जो पहिला चौक लागतो तो इटलीकडच्या व्यापाऱ्यांच्या गुलामांनी आणि मुक्त केलेल्या गुलामांनी आपल्या मंडळीतर्फे देवकार्य करायचा. कंपितालियास्तांचा चौक म्हणतात त्याला. त्यांची वेदी तिथे आहे. व्याख्याते ते नक्की सांगत असतील. ऐकणारे माना डोलावत असतील. मग सगळे बोटीवर परतत असतील आणि आमचा दादा त्यांना थंड लिंबूपाणी देत असेल.

मी दादाची गुलामांशी तुलना करत नाही. तो करार करून गेला, पगार घेतला, त्या पगारावर घर बांधले, बहिणीचे लग्न केले. केली तर तो मला घराबाहेर काढील. पण ज्या सफरीचा विषयच मुळी समुद्रावर राबलेल्या माणसांचा इतिहास, तिच्या बोटीवर राबणाऱ्याला त्या धक्क्यावर तासभर उतरायला मिळू नये, हे मला खटकते. शंभर प्रवाशांत पाळीपाळीने चार खलाशी खाली गेले तर काही बोट बुडत नाही. ज्यांना अशी सफर परवडते त्यांनी नाव नोंदवताना हा एक प्रश्न विचारावा: तुमचे लोक हे बघतात का? गिऱ्हाइकाने विचारले की कंपन्या ऐकतात, आमच्यासारख्यांनी ब्लॉगवर लिहून नाही.

दुसरे दुखणे आपले घरचे आहे. तारवटी परत आला की आपण विचारतो, किती आणले? टीव्ही केवढा? काय पाहिलेस, हे कोणी विचारत नाही. मीही बारा वर्षांत विचारले नव्हते. आणि इतिहासाचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच छाती फुगते, आमची जहाजे आधी गेली, त्यांची नंतर आली. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत पोसायडनची काशाची मूर्ती मिळाली आणि पॉम्पेईत 1938 साली हस्तिदंताची भारतीय बाई मिळाली, जेमतेम वीतभर उंचीची. कोणाच्या वखारीतून, कोणाच्या गाठोड्यातून त्या गेल्या-आल्या त्याची नावे कुठेही नाहीत. नेणारे-आणणारे बहुधा दादासारखेच असणार. त्यांचा अभिमान बाळगायचा आणि घरातल्याला विचारायचे नाही, हे कसले इतिहासप्रेम?

मी त्या रविवारी बराच वेळ बसलो. दादाला बोद्रुम चांगले आठवत होते, कारण तिथे बोट रात्री मुक्कामाला असायची आणि त्याला दोनदा सुट्टी मिळाली होती. तिथल्या किल्ल्यात समुद्रातल्या वस्तूंचे संग्रहालय आहे. 1982 मध्ये स्पंज काढणाऱ्या एका पाणबुड्याला उलुबुरुनजवळ तळाशी धातूच्या चपट्या लगडी दिसल्या. पुढे दहा-अकरा वर्षे खणकाम चालले. सव्वातीन हजार वर्षांहून जुने गलबत, दहा टन तांबे आणि सुमारे एक टन कथिल, म्हणजे कासे करायचे नेमके प्रमाण. निळ्या काचेच्या लगडी, हस्तिदंत, नेफरतितीच्या नावाची सोन्याची मुद्रा. मी त्याला विचारले, तुला काय आवडले? मला वाटले सोने म्हणेल. तो म्हणाला, एक लहानशी लाकडी वही होती, दोन फळ्यांची, हस्तिदंताच्या बिजागरीची. आत मेण भरून त्यावर लिहायचे. मेण गेले, लिहिलेलेही गेले. "हिशेबाची आसतली," तो म्हणाला. "तुझ्या जावक रजिस्टरासारखी."

काल साहेबांना घेऊन मी त्याच्याकडे गेलो. डेलोसवर सावली म्हणून नाही, टोपी आणि जाड तळव्याचे बूट हवेत, होडीत चढताना बाईंचा हात खलाशाच्या मनगटाला धरायला सांगा, बोटांना नको. कालवा ओलांडायची वेळ बदलत राहते, सकाळी लवकर असली तर उठा, नाश्ता नंतरही मिळतो. दादा सांगत होता आणि साहेब, जे आयुष्यभर आम्हाला लिहून घ्यायला सांगत आले, ते चष्मा लावून डायरीत लिहून घेत होते.