टीबीच्या उपचारात कान-किडनी गमावू नका

नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारा एमडीआर टीबी आमच्या वस्त्यांना नवा नाही. एका खोलीत सहा माणसे, ना वारा, ना ऊन. तिथे तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो. काही वर्षांपूर्वीपर्यंत यावर कॅनामायसिनची इंजेक्शने महिनोन्‌महिने घ्यावी लागत. टीबी बरा व्हायचा, पण काहींना कायमचा बहिरेपणा यायचा, काहींची किडनी बिघडायची. हे औषध किडनीवाटेच बाहेर पडते आणि जाता जाता तिथल्या पेशींत साठून त्यांना इजा करते.

आता मार्ग निघाला आहे. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने कॅनामायसिन वापरू नये, असे सांगितले. २०२२ मध्ये बेडाक्विलिन, प्रीटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन या चार औषधांचा एकत्र उपचार सुचवला. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारनेही त्याला मंजुरी दिली. इंजेक्शन नाही, फक्त गोळ्या. आणि दीड-दोन वर्षांचा उपचार साधारण सहा महिन्यांवर आला.

या गोळ्यांनाही त्रास आहेच. हातापायांना मुंग्या आल्या, नजर अंधुक झाली, छातीत धडधडले, तर लगेच डॉक्टरांना सांगा. मनाने औषध बंद करू नका. गरोदर महिला आणि लहान मुलांसाठी उपचार वेगळा असतो. कुणाला आजही इंजेक्शन द्यावेच लागले, तर आधी आणि मधूनमधून किडनीची रक्ततपासणी व कानाची तपासणी मागून घ्या.

आमचे म्हणणे एवढेच, की नवा उपचार कागदावर असून भागत नाही. २०२४ च्या सुरुवातीला टीबीच्या नेहमीच्या औषधांचाही तुटवडा पडला होता. चार औषधांतले एक जरी मिळाले नाही, तरी उरलेल्यांना जंतू सरावतात आणि पुढचा उपचार आणखी अवघड होतो. म्हणून सरकारने साठा अखंड ठेवलाच पाहिजे.

आणि आपण गप्प बसू नये. सरकारी केंद्रात हा उपचार मोफत आहे. तो आपला हक्क आहे, कुणाचे उपकार नव्हेत. "माझा टीबी कोणत्या औषधांना दाद देत नाही? मला कोणता उपचार देताय?" हे दोन प्रश्न विचारायला शिका. घरात कुणी आजारी असेल तर लपवू नका. विहारात बोला, सोबत चला. जीव वाचवताना गरिबाचे कान आणि किडनी जावी, हे आम्हाला मान्य नाही.