उडणारी गाडी येईल हो, पण चालवणार कोण?

परवा एका मित्राने रील पाठवली. एक माणूस अंगणातून एका खुर्चीएवढ्या यंत्रात बसतो, चार कोपऱ्यांतले पंखे फिरतात आणि भाऊ थेट झाडांच्या वर! खाली लिहिलेलं, ‘लायसन्सची गरज नाही.’ मित्राचा मेसेज होता, ‘लॉटरी लागली की पहिली हीच घ्यायची. गोंदिया ते नागपूर, नो ट्रॅफिक.’

तुमच्याही मोबाइलवर असली रील येऊन गेली असेल. ‘भारी!’ म्हणून पुढे ढकलण्याआधी जरा थांबा. कारण रीलमध्ये अर्धंच सांगितलेलं असतं.

त्या यंत्राचं नाव जेटसन वन. एकच माणूस बसतो, वेग तासाला साधारण १०० किलोमीटर, आणि बॅटरी चालते सुमारे २० मिनिटं. आता हिशोब करा. गोंदियाहून निघालात तर तिरोड्यापर्यंत कसेबसे पोचाल. परत यायला बॅटरी नाही. नागपूर तर विसराच. लायसन्स लागत नाही हे खरं, पण ते अमेरिकेत, अगदी हलक्या यंत्रांच्या वर्गापुरतं. तिथेही अट आहे: दाट वस्तीवरून उडायचं नाही आणि अंधारात उडायचं नाही. आपल्याकडे साधं मायक्रोलाइट विमान उडवायलाही डीजीसीएचं लायसन्स लागतं.

आणि हे स्वप्न नवं आहे असंही समजू नका. अमेरिकेत मोल्ट टेलर नावाच्या इंजिनिअरने १९४९ मध्येच पंख काढता-लावता येणारी ‘एरोकार’ उडवून दाखवली होती. सरकारी प्रमाणपत्रही मिळवलं. गाड्या बनल्या किती? फक्त सहा. २०२१ च्या जूनमध्ये स्लोव्हाकियाचे स्टेफान क्लाइन आपली ‘एअरकार’ घेऊन नित्रा ते ब्रातिस्लाव्हा असे ३५ मिनिटं उडाले, उतरले, पंख मिटवले आणि त्याच गाडीने शहरात शिरले. त्यालाही आता काही वर्षं झाली. तरी तुमच्या-माझ्या गल्लीत ती का दिसत नाही? कारण सोपं आहे. रस्त्यावरची चांगली गाडी मजबूत आणि जड लागते, आकाशातलं चांगलं यंत्र हलकं लागतं. दोन्ही एकात घालायला गेलं की महाग पडतं, आणि दोन्हीकडे थोडं थोडं कमीच पडतं.

मग हे सगळं वेड आहे का? मला तसं वाटत नाही. पण ‘धाडस’ कशाला म्हणायचं, हे आपण नीट ठरवलं पाहिजे.

कॅप्टन अमोल यादव यांचं उदाहरण घ्या. मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये, राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं. २०१६ च्या फेब्रुवारीत ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनासाठी ते क्रेनने खाली उतरवलं, तेव्हा सगळ्या देशाने टाळ्या वाजवल्या. पण खरी गोष्ट टाळ्यांच्या आधीची आणि नंतरची आहे. नोंदणीसाठी ते २०११ पासून फेऱ्या मारत होते. नोंदणी मिळाली २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये, उड्डाणाची परवानगी २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये. म्हणजे विमान हवेत न्यायला आठ वर्षं कागदांशी झगडावं लागलं. मला विचाराल तर त्यांचं मोठं धाडस गच्चीवर रिव्हेट मारण्यात नव्हतं. परवानगी येईपर्यंत न उडता थांबण्यात होतं. रील बनवणाऱ्याला तेवढा धीर नसतो.

आणि धीर का हवा, हे गोंदियाकरांना कुणी वेगळं सांगायला नको. आपल्या बिरसीच्या धावपट्टीवरून रोज शिकाऊ विमानं उडतात. २०१७ मध्ये असंच एक विमान वैनगंगेवर रोपवेच्या तारेला अडकून कोसळलं. २०२३ च्या मार्चमध्ये आणखी एक बालाघाटच्या डोंगरात पडलं. दोन्ही वेळा शिकवणारा आणि शिकणारा, दोघंही गेले. ही माणसं बेफिकीर हौशी नव्हती, रीतसर प्रशिक्षणातली होती. विमानासाठी नियम आहेत, नियंत्रण कक्ष आहे, तपासणी आहे, तरी हे झालं. उद्या खालच्या आकाशात, विजेच्या तारांच्या उंचीवर, ज्याच्याकडे पैसा आहे तो प्रत्येक जण उडायला लागला तर काय होईल, याचा विचार करा.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. उडणारी गाडी आज ना उद्या येईल. प्रश्न ती कधी येईल हा नाहीच. ती आली तेव्हा आपण कुठे उभे असू, हा आहे. खाली मान वर करून, की आत, हातात कंट्रोल घेऊन?

आजचं चित्र बघा. बिरसीची धावपट्टी इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली. भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडाच्या सीएई कंपनीने मिळून सुरू केलेली उड्डाण प्रशिक्षण संस्था इथे पंधराहून जास्त वर्षं आहे. डिसेंबर २०२३ पासून इंडिगोचं हैदराबादचं विमानही सुरू झालं. आपण लहानपणापासून कामठ्याच्या रस्त्यावर उभं राहून ती पांढरी विमानं मोजली. पण माझ्या ओळखीतला एकही मुलगा किंवा मुलगी त्या विमानात शिकायला बसलेली नाही. तुमच्या ओळखीत आहे का? असेल तर त्याचा मला आनंदच होईल.

पैशाची अडचण खरी आहे. कमर्शियल पायलट व्हायला २०० तासांचं उड्डाण लागतं आणि खर्च चाळीस-पन्नास लाखांच्या आसपास जातो. धानाच्या शेतीवर चालणाऱ्या घराने तो कुठून आणायचा? पण दुसरी अडचण माहितीची आहे. बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स हवेत, हेही अनेकांना दहावीनंतर शाखा निवडून झाल्यावर कळतं. ही अडचण फुकटात सुटू शकते.

मागणं मोठं नाही. वर्षातून एक दिवस बिरसीचं फाटक जिल्ह्यातल्या शाळांसाठी उघडा. दर वर्षी दोन-चार जागा स्थानिक, गरीब पण हुशार मुलांसाठी शिष्यवृत्तीवर ठेवा. ज्या गावाची घरं आणि शेतं या विमानतळासाठी गेली, ज्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न वर्षानुवर्षं चालला आहे, त्यांच्या पोरांचा यावर पहिला हक्क आहे. आकाश त्यांच्या जमिनीवरूनच सुरू होतं ना!

आणि दोस्तहो, तोवर हातावर हात ठेवून बसू नका. ड्रोनचं रिमोट पायलट प्रमाणपत्र घ्यायला दहावी पास आणि वय १८ पुरतं, प्रशिक्षण मान्यताप्राप्त संस्थेतून घ्यावं लागतं. धानावर फवारणी करणारं ड्रोन आणि रीलमधली उडणारी खुर्ची, आतून जवळची भावंडं आहेत: तेच पंखे, त्याच मोटरी, तीच बॅटरी. ड्रोन उडवायला, दुरुस्त करायला जो आज शिकेल, उद्या उडणारी गाडी त्याच्याच हाताखाली येईल.

शेवटचं एक. आपलं आकाश रिकामं नाही. महाराष्ट्रात सारस मुख्यतः आपल्याच भागात उरलाय. झिलमिली, परसवाड्याच्या तलावांवर हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात. नवेगाव-नागझिऱ्यात वाघ आहे. उद्या कुणी हौशी श्रीमंत तलावावर घिरट्या घालून व्हिडिओ काढायला लागला, तर त्याला ‘इथे नाही, बाप्पा’ म्हणणारा नियम आधी असायला हवा. तो नियम आपोआप येणार नाही. तुम्ही-आम्ही आत्तापासून मागितला तर येईल.

पुढच्या वेळी कामठ्याच्या रस्त्यावर विमान दिसलं की फोटो जरूर काढा. पण घरी जाऊन धाकट्या बहिणीला एवढं विचारा, ‘अकरावीला मॅथ्स घेतलंस ना?’