खिडकीबाहेरची खाचरं

भाचीने परवा एका व्हिलाचे फोटो पाठवले. लग्नाच्या वाढदिवसाला ती आणि जावई बालीला निघालेत, मुक्काम उबुदला. व्हिलाला स्वतःचा पोहण्याचा तलाव, पाण्यावर तरंगणाऱ्या तबकात नाश्ता आणि काठापलीकडे टप्प्याटप्प्याने उतरत गेलेली हिरवीगार भातखाचरं. खाली तिचा प्रश्न : ‘‘मावशी, तू जाऊन आलीयेस ना? हीच घेऊ का?’’ फोटो सुंदर होते, पण सोबतची जाहिरात वाचून मला राग आला. तलावाची लांबी, गादीची जाडी, मसाजचे प्रकार, सगळं तपशिलात होतं. ज्या खाचरांच्या जोरावर ते भाडं मागत होते, ती कुणाची, कोण लावतं, त्यांना पाणी कुठून येतं, याबद्दल चकार शब्द नव्हता.

उबुद हे बालीच्या गियान्यार जिल्ह्यातलं डोंगरउतारावरचं गाव. वॉल्टर स्पीस हा जर्मन चित्रकार १९२७ साली इथे आला आणि राहिला. त्याने, डच चित्रकार रुडॉल्फ बोनेने आणि इथल्या राजघराण्यातल्या सुकावतींनी स्थानिक कलावंतांना बरोबर घेऊन १९३६ मध्ये ‘पिता महा’ ही संस्था काढली. १९५६ मध्ये पुरी लुकिसान हे चित्रसंग्रहालय उघडलं. आणि आता तिथे आपणही पोचलोय : आज बालीला जाणाऱ्या परदेशी लोकांत ऑस्ट्रेलियनांच्या खालोखाल आपण भारतीय आहोत.

‘कलावंतांचं गाव’ म्हणून उबुद विकलं जातं, पण ही कला आली शेतातून. चित्रं काढणारे, लाकूड कोरणारे पुष्कळसे जण शेतकरी होते. लावणी उरकली की हात मोकळे, मग कुंचला किंवा पटाशी. पुरी लुकिसानमधली चित्रं जवळ जाऊन बघा. मळणी, बाजार, देवळातली गर्दी, चिखलात वाकलेल्या बाया. पानाच्या शिरेपर्यंत सगळं रेखलेलं. शेजारच्या पनेस्तानान गावात १९६०च्या सुमारास आरी स्मिट या चित्रकाराने ज्या पोरांच्या हातात रंग दिले, त्यांतली काही शेतावर बदकं राखणारी होती. त्यांनी काढलेली भडक, निर्भय चित्रं पुढे जगभर गेली. शेत गेलं तर हे गाव काय रंगवणार?

आणि शेत म्हणजे पाणी. या सदराच्या वाचकांना माझी पाण्याची ओढ ठाऊक आहे, त्यामुळे इथून पुढे मी व्हिलाकडे लवकर परतणार नाही.

बालीत पाणीवाटपाची जुनी व्यवस्था आहे, तिला सुबक म्हणतात. एका पाटावर ज्यांची खाचरं, त्या सगळ्यांचा एक सुबक. त्यांचं एक देऊळ, एक प्रमुख, आणि लावणी कधी करायची, पाणी कधी सोडायचं, हे बैठकीत ठरणार. उबुदजवळच्या तेगल्लालांग गावाच्या वाटेवर मी एका पाटाशी बराच वेळ उभी राहिले होते. पाटात आडवा ओंडका बसवलेला, त्याच्या माथ्यावर कमीजास्त रुंदीच्या खाचा. ज्याची जमीन जास्त त्याची खाच रुंद. पाणी आपोआप वाटलं जात होतं, पहाऱ्याला माणूस नव्हता. काठावर नारळाच्या झावळीची इवलीशी परडी, तिच्यात फुलं, चार शितं आणि जळती उदबत्ती.

सुबकच्या या रीतीला नुसती श्रद्धा समजू नये. सगळ्यांनी एकाच वेळी लावणी आणि एकाच वेळी कापणी केली की खाचरं एकदम मोकळी पडतात आणि उंदरांना, तुडतुड्यांना खायला काही उरत नाही. १९७०च्या दशकात हरितक्रांतीच्या नावाखाली ‘जमेल तितक्या वेळा भात लावा’ असा सरकारी आग्रह झाला. वेळापत्रक मोडलं, कीड बेफाम वाढली. स्टीफन लान्सिंग या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने ही देवळांची व्यवस्था किती शहाणपणाची आहे ते अभ्यासून दाखवलं. युनेस्कोने २०१२ मध्ये सुबकला जागतिक वारशात घेतलं.

हे ऐकून आपल्याकडच्या पांझरा नदीकाठच्या माणसाला नवल वाटणार नाही. धुळे, नाशिककडची फड पद्धत याच जातीची. नदीवर बंधारा, त्यातून पाट, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या. वरच्या अंगाला धरणं झाली, विहिरी वाढल्या, आणि बरेच फड मोडले. उबुदमध्ये मला तेच डोळ्यांसमोर दिसत होतं, म्हणून हा राग.

परदेशी माणसाला इंडोनेशियात जमिनीची पूर्ण मालकी मिळत नाही. मग पंचवीस-तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने खाचर घेतलं जातं. भरणी होते, भिंत उठते. पाटाच्या वाटेत भिंत आली की खालच्या खाचराचं पाणी तुटतं. पट्ट्याने दिलेल्या जमिनीचा धनी पाट साफ करायला येत नाही, तेव्हा ते श्रम उरलेल्यांच्या माथी. शेजारच्या जमिनींचे भाव चढले की शेतसारा चढतो, आणि जो शेती टिकवू पाहतो त्यालाच ती परवडेनाशी होते. शेवटी तोही पट्टा करतो. मग त्या पहिल्या व्हिलाच्या खिडकीसमोर भात राहत नाही, दुसरी व्हिला येते. सप्टेंबर २०२५ मध्ये बालीत पूर आला, माणसं गेली. त्यानंतर शेतजमिनीवर नव्या हॉटेलांना परवाने देणार नाही, असं गव्हर्नरांनी जाहीर केलं. ते त्यांनी पाळावं, एवढीच प्रार्थना.

भाचीला मी ‘जाऊ नकोस’ म्हटलं नाही. जा, जरूर जा. उबुदमध्ये घराच्या आवारातच पाहुण्यांसाठी खोल्या काढलेली कितीतरी कुटुंबं आहेत. अंगणात त्यांचं कुलदैवताचं देऊळ, सकाळी घरची बाई परड्या ठेवत फिरते, पैसे थेट त्या घरात जातात. व्हिलाच हवी असेल तर पैसे भरण्याआधी मालकाला लेखी विचारा : ही जागा आधी खाचर होती का? पाट चालू ठेवलाय का? पाणी बोअरचं की आणखी कुठलं? समोरच्या शेतकऱ्याला या नजाऱ्याचं काही मिळतं का? उत्तर टाळलं तर दुसरी जागा बघा. बालीला जाणाऱ्यांत आपली संख्या आता एवढी आहे की आपण हे प्रश्न विचारू लागलो, तर तिथल्या मालकांना उत्तरं शोधावीच लागतील.